बिल्डरशी करार करण्याआधी जमीनमालकाने स्वतःचा नगररचनाकार नेमावा का? (ऑनलाइन धागा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

मुळाकाठची

आमच्या मुळशी-हवेलीच्या पट्ट्यात सध्या विकसन करारनाम्यांचा, म्हणजे मालकाने जमीन द्यायची आणि बिल्डरने बांधून त्यातला हिस्सा द्यायचा अशा करारांचा, हंगाम चालू आहे. बैठकीचं चित्र सगळीकडे सारखंच. बिल्डरच्या बाजूला त्याचा आर्किटेक्ट, त्याचा वकील आणि लायझनिंगवाला, म्हणजे कचेऱ्यांतून परवानग्या काढून आणणारा. जमीनमालकाच्या बाजूला चुलते, मेव्हणे आणि गावातला एखादा जाणता माणूस. चाळीस टक्के की पंचेचाळीस, यावर रात्र रात्र ओढाताण चालते. पण टक्के कशाचे? त्या जमिनीवर एकूण किती बांधकाम बसणार हा आकडा समोरच्याने आणलेला असतो आणि तो कुणी तपासत नाही.

माझं म्हणणं असं की करारावर सही होण्याआधी मालकाने स्वतःच्या पैशाने एक नगररचनाकार किंवा निदान स्वतंत्र आर्किटेक्ट नेमावा. त्याने मोजणीची क प्रत (सरकारी मोजणीचा नकाशा), झोन दाखला (जमीन शेती की निवासी विभागात आहे ते सांगणारा), विकास आराखड्याचा भाग नकाशा आणि पोच रस्त्याची कागदोपत्री रुंदी पाहून लेखी अहवाल द्यावा. टक्केवारीची चर्चा त्यानंतर.

रस्त्याचंच उदाहरण घ्या. डिसेंबर २०२० पासून मुंबई वगळता बहुतेक महाराष्ट्राला एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, लागू आहे. तिच्यानुसार गावठाणाबाहेर नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरच्या भूखंडाला मूळ एफएसआय (भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येतं तो आकडा) १.१० मिळतो आणि त्यावर टीडीआर, म्हणजे दुसरीकडे सोडलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेला बांधकामाचा हक्क, चढवता येत नाही. महापालिका हद्दीत रस्ता नऊ मीटरचा असेल तर प्रीमियम (पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय) आणि टीडीआर धरून हाच आकडा दोनपर्यंत जाऊ शकतो. आता कल्पना करा, शेजारच्या दोन मालकांनी मिळून थोडी पट्टी सोडली आणि रस्ता नऊ मीटरचा झाला. फायदा कुणाचा? ज्याला हे आधी कळलं त्याचा. आजवर ते बिल्डरलाच आधी कळत आलं आहे, कारण कळवून घेण्यासाठी पैसे त्यानेच मोजलेले असतात.

माहेरच्या जमिनीच्या हक्कसोडपत्रावर सही मागायला मुलींकडे सगळे येतात. तेव्हा मुलींनी तरी विचारावं, की अहवाल कुठे आहे?

बांधावरून

ताई, तळमळ पोचली. पण मी असल्या चार बैठकांना बसलेला माणूस आहे आणि मला हे पटत नाही.

एक, खर्च. वीस गुंठ्यांचा धनी आधी मोजणीची फी भरतो, मग वारसनोंदीसाठी तलाठ्याच्या दारात उभा राहतो, मग वकील. त्यात अजून एक तज्ज्ञ आणायचा, आणि तो सांगणार काय, तर 'आराखडा अंतिम झाल्यावर नक्की सांगता येईल'.

दुसरं मोठं. चूक आमच्या अज्ञानाची असते असं तुम्ही धरून चालला आहात. चूक आराखडा करणाऱ्यांची असते. पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, २०१५ मध्ये झाली. तिचा प्रारूप विकास आराखडा २०२१ मध्ये जाहीर झाला. हजारो हरकती आल्या, सुनावण्या झाल्या आणि शेवटी तो आराखडाच रद्द झाला. मधल्या काळात ज्यांनी पैसे देऊन अहवाल करून घेतले, त्या अहवालांचं काय झालं? कुणाची जमीन शेती झोनमधून निवासी दाखवली होती, कुणाच्या रानातून रिंगरोड गेला होता. तज्ज्ञाने नकाशा बरोबरच वाचला असेल, पण नकाशाच उरला नाही. त्याच काळात हद्दीही हलल्या. २०१७ मध्ये अकरा गावं पुणे महापालिकेत, २०२१ मध्ये तेवीस, नंतर उरुळी देवाची आणि फुरसुंगी पुन्हा बाहेर. माणसाने कुणाकडे बघून घर बांधायचं?

कुठल्या सर्व्हे नंबरावर काय आहे हे शासनाने गावाच्या चावडीवर फुकट आणि मराठीत लावावं. आमची मागणी ही असायला हवी. तज्ज्ञ नेमा म्हणताना आपण शासनाला मोकळं सोडतो.

जोते ते गच्ची

मी आर्किटेक्ट आहे, परवानगीच्या फायली करतो, त्यामुळे माझा यात व्यवसायाचा संबंध आहे हे आधी सांगतो.

बांधावरून दादा, आराखडा रद्द झाला ही वेदना खरी आहे. पण आराखडा रद्द झाला म्हणून ओढा रद्द होत नाही, डोंगराचा उतार बदलत नाही आणि लोहगावच्या विमानतळामुळे आलेली उंचीची मर्यादाही उठत नाही. माझ्याकडे अडकून आलेल्या फायलींपैकी बहुतेकांचं दुखणं आराखड्यात नसतं. ते जमिनीतच असतं आणि जागेवर जाऊन नीट पाहिलं तर पहिल्याच दिवशी दिसतं.

सगळ्यात जास्त घात होतो तो सातबाऱ्यावरचं क्षेत्र खरं मानल्याने. सातबारा म्हणतो चाळीस गुंठे, मोजणीत भरतात सदतीस, आणि त्यातून रस्त्याखाली गेलेले वेगळे. परवानगी ताब्यातल्या, मोजणीने सिद्ध झालेल्या क्षेत्रावर मिळते. करार मात्र सातबाऱ्यावर झालेला असतो, मग मालकाचा हिस्सा कापला जातो. हे टाळायला हद्द कायम मोजणी आधी करून घ्यायची, बस.

दुसरी चूक उंबरठ्यांची. चार हजार चौरस मीटर, म्हणजे साधारण एक एकर, ओलांडलं की दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. दोन हेक्टरला पोचलात की सुविधा क्षेत्र (शाळा, दवाखान्यासारख्या सोयींची जागा) पाच टक्के. भावाभावांच्या जमिनी एकत्र करून मोठा प्रकल्प करायचा की वेगवेगळे, हा निर्णय घरातल्या भांडणावर ठरतो. तो या गणितावर ठरायला हवा. मी इथे पळवाट सांगत नाही. ती मोकळी जागा सोडलीच पाहिजे, तिथेच पुढे मुलं खेळणार आहेत. पण ती कुठे सोडायची हे आधी ठरवलं तर तिथे झाडं आणि पाणी मुरायला माती राहते. शेवटी ठरवलं की ट्रान्सफॉर्मरच्या मागची त्रिकोणी पट्टी 'उद्यान' होते. अशी उद्यानं बावधनपासून वाघोलीपर्यंत किती दाखवू?

तिसरं, पूररेषा. मुठेची निळी रेषा साठ हजार क्युसेकच्या (सेकंदाला तेवढे घनफूट पाणी) विसर्गावर आखली आहे आणि लाल रेषा एक लाखाच्या. नियमाच्या भाषेत निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणारा. नदीकाठ ते निळी रेषा या पट्ट्यात नवं बांधकाम नाही. निळी ते लाल यामध्ये जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा पंचेचाळीस सेंटिमीटर वर घेऊन करता येतं. म्हणजे तिथे भराव, उंच जोतं, वाहनतळ या सगळ्याचा खर्च वाढतो. हे करार होण्याआधी कळायला हवं की नंतर?

एकतानगरीचा शेजारी

निळ्या रेषेचं नाव काढलंत म्हणून लिहितो. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा खडकवासला धरणातून साठ हजार क्युसेक सुटले नव्हते. त्याहून पुष्कळ कमी विसर्ग होता. तरी तळमजले गेले, गाड्या गेल्या, रात्रीतून माणसं बोटीने काढावी लागली. २५ सप्टेंबर २०१९ ला आंबिल ओढ्याने काय केलं ते तर सगळ्या शहराने पाहिलं. त्या रात्री पुणे परिसरात वीसच्या वर माणसं गेली, आणि तो पूर नदीचा नव्हता, ओढ्यांचा होता.

अहवालात 'भूखंड निळ्या रेषेबाहेर' असं एक वाक्य आलं की बँक कर्ज देते, महापालिका परवानगी देते आणि ग्राहक घर घेतो. त्या वाक्यावर सही करणारा व्यावसायिक नियमाने चुकलेला नसतो. रेषा आखल्यानंतर नदीपात्रात किती भराव पडला, वरच्या बाजूच्या ओढ्यांची रुंदी किती उरली, हे त्याला कुणी विचारलेलं नसतं आणि तोही सांगत नाही. म्हणून मी या धाग्याच्या विरोधात आहे. तज्ज्ञाच्या सहीने लोकांना खोटा धीर मिळतो.

जोते ते गच्ची

हा आक्षेप मी उडवून लावणार नाही. रेषेबाहेर असलेली जागा कोरडी असतेच असं नाही. पण त्यावर उत्तर म्हणजे चांगला प्रश्न विचारणं. नकाशावरची रेषा सांगून थांबणारा तज्ज्ञ नको. जुना गाव नकाशा काढा, त्यात ओढा कुठून जात होता ते पाहा, शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना २०१९ मध्ये पाणी कुठवर आलं ते विचारा, आणि जागेच्या पातळ्या घ्या. अहवालाच्या कामातच हे लिहून घ्यायचं. जो 'याची गरज नाही' म्हणेल त्याला काम द्यायचं नाही.

कल्याण पश्चिम

पुणेकरांनी आमच्याकडेही बघावं. कल्याण-डोंबिवलीत पासष्ट इमारती महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्यांवर उभ्या राहिल्या. त्याच कागदांवर महारेराची, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाची, नोंदणीही मिळाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. तिथे राहणाऱ्यांनी काय कमी चौकशी केली होती? रेरा क्रमांक होता, नकाशे होते, कर्ज मंजूर करणाऱ्या बँका होत्या. नकाशांवर शिक्के होते. सगळं व्यावसायिक पद्धतीने झालेलं.

तज्ज्ञ हा शब्द इथे फार सहज वापरला जातो आहे. कोण तज्ज्ञ? वास्तुविशारद अधिनियम १९७२ चा आहे, पण मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की तो कायदा 'आर्किटेक्ट' ही उपाधी राखून ठेवतो, ते काम करण्यावर बंदी घालत नाही. नगररचनाकारांसाठी तर देशात तसा नोंदणीचा कायदाच नाही. उद्या कुणीही 'टाउन प्लॅनिंग कन्सल्टंट' अशी पाटी लावली तर जमीनमालकाने ओळखायचं कसं?

मुळाकाठची

कल्याणचं प्रकरण उच्च न्यायालयात नेणारा माणूस स्वतः आर्किटेक्ट होता, हेही लिहायला हवं होतं. कागद खोटे आहेत हे ओळखायला ते कागद रोज हाताळणारा माणूस लागला. परवानगी महापालिकेच्या नोंदीत आहे की नाही, हे एक अर्ज करून तपासता येतं. घर घेणाऱ्याला तसं तपासायचं असतं हेच ठाऊक नसतं. माझा सगळा आग्रह त्या एका अर्जासाठी आहे. समोरच्याने हातात दिलेली झेरॉक्स न वाचता, मूळ कार्यालयातून स्वतः प्रत काढणारा माणूस आपल्या बाजूला हवा.

उपाधीबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे आणि ते मला जास्त छळतं. आर्किटेक्ट असेल तर वास्तुकला परिषदेचा नोंदणी क्रमांक मागता येतो. नगररचनाकार असेल तर पदवी कुठली आणि इन्स्टिट्यूट ऑफ टाउन प्लॅनर्सचं सदस्यत्व आहे का, एवढंच विचारता येतं. ते पुरेसं नाही, हे मान्य.

सोसायटी सचिव, कोथरूड

जुन्या सोसायट्यांच्या पुनर्विकासातही हेच चालतं. सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खालच्या शासनाच्या मार्गदर्शक सूचना आहेत, आधी २००९ च्या आणि मग ४ जुलै २०१९ च्या. त्यानुसार सोसायटीने आधी स्वतःचा आर्किटेक्ट किंवा प्रकल्प सल्लागार नेमायचा, त्याच्याकडून व्यवहार्यता अहवाल घ्यायचा आणि मगच निविदा काढायची. म्हणजे या धाग्यातली मागणी सोसायट्यांच्या बाबतीत शासनाने मान्यच केलेली आहे.

पण घडतं काय? आमच्या गल्लीतल्या एका सोसायटीत सल्लागार आला तो बिल्डरच्या ओळखीने. 'फी नंतर बिल्डरकडूनच घेऊ, तुम्हाला तोशीस नको' म्हणाला. सभासद खूश. अहवालात त्याने अमुक इतकं ज्यादा क्षेत्र मिळेल असं लिहिलं. गल्लीची रुंदी सहा मीटर आहे आणि ती नऊची होईल हे गृहीत धरलेलं, पण कुठल्या अधिकृत निर्णयाने होईल ते लिहिलेलंच नव्हतं. समोरच्या इमारतींनी पट्टी सोडायला नकार दिला. माणसं घरं रिकामी करून भाड्याने राहायला गेली होती. भाडं थांबलं.

फी कोण देतो हा प्रश्न सगळ्यात आधी यायला हवा. सभासदांनी वर्गणी काढून स्वतः द्यावी. आणि फी बांधकामाच्या चौरस फुटावर नसावी, ठरावीक रकमेची असावी. जास्त क्षेत्र दाखवलं की जास्त फी, असं असेल तर 'इथे बांधू नका' हे कोण सांगेल?

पर्वती पायथा

डोंगरउताराचा नुसता उल्लेख झाला, त्यावरच्या घरांबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून थोडक्यात. १९९७ मध्ये पुणे महापालिकेत आलेल्या तेवीस गावांच्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण आहे. त्या उतारांवर गुंठागुंठा विकला गेला आहे आणि घेणाऱ्याला सांगितलं गेलं की 'गुंठेवारीत नियमित होईल'. गुंठेवारीचा, म्हणजे गुंठ्यागुंठ्याने विकलेल्या जमिनीवरची विनापरवाना बांधकामं नियमित करण्याचा, कायदा २००१ चा. २०२१ च्या सुधारणेने मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना वाढवली. पण आरक्षणातलं बांधकाम त्याने आपोआप नियमित होत नाही. हे सांगायला मोठा तज्ज्ञ लागत नाही, प्रामाणिक माणूस लागतो. त्या घरांत राहणारे लोक मजुरी करून हप्ते फेडताहेत, त्यांच्याकडे कुठून येणार नगररचनाकार?

निवृत्त, नगररचना

आयुष्य या खात्यात गेलं. दोन्ही बाजू वाचल्या आणि मला वाटतं आपण सगळे एकेका भूखंडात अडकलो आहोत.

समजा ताईंच्या म्हणण्याप्रमाणे प्रत्येक मालकाने उत्तम तज्ज्ञ नेमला. प्रत्येक भूखंड नियमात बसला. तरी वाघोली झाली ती तशीच होईल. प्रत्येक प्रकल्पाला परवानगी आहे, प्रत्येकाच्या आत रस्ता आहे, पण एकाच्या आतला रस्ता दुसऱ्याच्या भिंतीला जाऊन थांबतो. पाण्याचं हमीपत्र प्रत्येकाने दिलेलं आहे आणि सगळ्यांच्या फाटकासमोर टँकर उभे आहेत. २०१६ मध्ये बाणेर-बालेवाडीत पाण्याच्या प्रश्नावरून उच्च न्यायालयाला नव्या परवानग्या थांबवाव्या लागल्या होत्या. त्या फायली नियमात नव्हत्या का? होत्या. शहराची चूक ही नियमात बसलेल्या भूखंडांची बेरीज असू शकते.

यावरचा उपाय महाराष्ट्राला नवा नाही. नगररचना योजना, टीपी स्कीम. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यापासून ती आपल्याकडे आहे. पुण्याचं शिवाजीनगर, म्हणजे जुनं भांबुर्डे, त्या पद्धतीने वसलं. सगळ्यांच्या जमिनी एकत्र धरायच्या, रस्ते-शाळा-बागांसाठी सगळ्यांनी सारखा वाटा सोडायचा आणि उरलेल्यातून प्रत्येकाला चौकोनी, रस्त्याला लागलेला भूखंड परत द्यायचा. म्हाळुंगे-माण इथे पीएमआरडीएने सुमारे अडीचशे हेक्टरवर हे हाती घेतलं आहे. शेतकऱ्यांनी स्वतःच एकत्र येऊन काय करता येतं ते मगरपट्ट्याने, पुण्यात हडपसरला शेतकऱ्यांनी वसवलेल्या वसाहतीने, दाखवलं. सुमारे १२० कुटुंबं, चारशे एकरांहून जास्त जमीन, मालकी कुटुंबांचीच आणि कामाला नेमलेले व्यावसायिक. तिथेही तज्ज्ञ होताच. पण तो एका सातबाऱ्यासाठी नेमलेला नव्हता, सगळ्यांसाठी होता.

बांधावरून

सर, मगरपट्टा सगळे सांगतात. तिथे एक भावकी, एक शब्द आणि सलग रान होतं. आमच्या शिवारात एका गटात सात पोटहिस्से, त्यात दोन दावे न्यायालयात आणि एक हिस्सा परगावच्या माणसाने आधीच विकत घेतलेला.

टीपी स्कीममध्ये जवळजवळ निम्मी जमीन जाते हे पण सांगा. उरलेल्या निम्म्याची किंमत वाढेल, हे मी समजू शकतो. पण योजना मंजूर होऊन रस्ता प्रत्यक्ष पडेपर्यंत वर्षं जातात. तोवर घरात लग्न निघतं, दुखणं निघतं. बिल्डर टोकन आजच टेबलावर ठेवतो. शेतकरी अडाणी म्हणून सही करत नाही, त्याला थांबता येत नाही म्हणून करतो. हे ज्याला कळत नाही त्याने कितीही चांगला अहवाल दिला तरी तो कपाटात राहणार.

निवृत्त, नगररचना

थांबता येत नाही, हे तुम्ही बोललात ते आमच्या खात्यातल्या किती जणांना कधी कळलंच नाही. त्यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एक सुचवतो. मगरपट्ट्याएवढं जाऊ द्या, एका पोच रस्त्यावरचे आठ-दहा मालक तरी एकत्र या. एकच मोजणी, एकच सल्लागार, खर्च क्षेत्राप्रमाणे वाटून. प्रत्येकाने आपला करार वेगळा केला तरी चालेल, पण रस्त्याची आखणी आणि ओढ्याची जागा सगळ्यांनी मिळून आधी ठरवा आणि ती प्रत्येक करारात नकाशा म्हणून जोडा. मग कुठलाही बिल्डर आला तरी रस्ता भिंतीला जाऊन थांबणार नाही. याला वर्षं लागत नाहीत.

आणि आरक्षण पडलं म्हणून जमीन कवडीमोल विकू नका. अंतिम आराखड्यानंतर दहा वर्षांत संपादन झालं नाही तर एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम १२७ ची खरेदी सूचना देता येते आणि त्यानंतर चोवीस महिन्यांत पावलं उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. घाबरवून स्वस्तात जमीन घेणाऱ्यांना हे कलम तोंडपाठ असतं.

बांधावरून

आठ-दहा जणांचं जमू शकेल. आमच्या पाणंद रस्त्यावर बरोबर तेवढेच आहोत आणि निदान पाण्याच्या पाळीवरून तरी बोलतो एकमेकांशी. पण चावडीवर फुकट माहिती लावा, ही माझी मागणी मी सोडणार नाही. तज्ज्ञ ज्याला परवडतो त्यालाच जमिनीचा खरा दर, हे मला मान्य नाही.

मुळाकाठची

त्या मागणीवर माझीही सही घ्या.

कल्याण पश्चिम

एक प्रश्न तसाच राहिला. नेमलेल्या तज्ज्ञाचा अहवाल चुकला तर भरून कोण देणार? आमच्याकडे पासष्ट इमारतींतले लोक अजून कर्जाचे हप्ते भरताहेत.

दिवाणी वकील

सहसा कुणीच देत नाही, कारण नेमणुकीचा कागदच नसतो. फी रोखीत, काम तोंडी. नेमणूक पत्र करा. त्यात लिहा की कोणते कागद मूळ कार्यालयातून काढून तपासले जातील, जागेवर कोणत्या गोष्टी पाहिल्या जातील आणि अहवाल कोणत्या तारखेच्या नियमांवर आधारलेला असेल. फी बँकेतून द्या. समोरच्या पक्षाकडून कुठलाही मोबदला घेतलेला नाही आणि घेणार नाही, असं त्याच्याकडून लिहून घ्या. व्यावसायिक दायित्वाचा विमा असेल तर त्याची प्रत मागा. एवढं असेल तर निष्काळजीपणाबद्दल ग्राहक आयोगात किंवा दिवाणी न्यायालयात उभं राहता येतं. जो हे पत्र द्यायला टाळाटाळ करेल, त्याच्याकडून अहवाल घेऊच नका, मग तो कितीही मोठ्या नावाचा असो.